क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवून सफारी : तयारीपासून परतीपर्यंत

मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात लोअर साबी कॅम्पचं फाटक पहाटे सहाला उघडतं, पण पावणेसहापासूनच आत गाड्यांची रांग लागलेली असते. काचांवर दव, हातात कॉफीचे थर्मास, गाडीत सगळे कुजबुजत बोलणारे. फाटक उघडलं की बहुतेक गाड्या लांबचा पल्ला गाठायला निघतात, कारण काल कुणीतरी वीस किलोमीटरवर सिंह पाहिलेला असतो. पहिल्या दिवशी आम्हीही तसेच निघालो आणि दुपारपर्यंत दीडशे किलोमीटर फिरून फारसं काही न पाहता परतलो. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अगं, इतकं कशाला पळवतेस? त्या तळ्यापाशीच बसू ना." ते तळं म्हणजे कॅम्पपासून जेमतेम एक किलोमीटरवरचा सनसेट डॅम. तिथे गाडी बंद करून आम्ही दोन तास बसलो. पाणघोड्याच्या पाठीवर बगळा उभा होता आणि पाणघोडा बुडी मारेल तसा तो पाय उचलून सावरून घेत होता. काठावर मगरी पडून होत्या, आणि त्यांच्यापासून वीस पावलांवर इंपाला हरणांचा कळप पाणी प्यायचं की नाही या विचारात अडकला होता. एक मादी पुढे यायची, थबकायची, मागे फिरायची. तिला पाण्याला तोंड लावायला पंधरा मिनिटं लागली. ती पंधरा मिनिटं गाडीत कुणी हललं नाही.

हा लेख त्या दुसऱ्या दिवसासारखी सफारी कशी आखावी याबद्दल आहे. आम्ही नागपूरचे, ताडोबा आणि पेंच करत वाढलेलो. तिथे जिप्सी असते, गाइड असतो, ठरलेला गेट आणि ठरलेला वेळ असतो. क्रुगरमध्ये गाडी तुमची, रस्ता तुम्ही निवडायचा, थांबायचं कुठे आणि किती हेही तुम्हीच ठरवायचं. हे स्वातंत्र्य मोठं आहे, त्यामुळे तयारीही नीट लागते.

जंगल किती मोठं आहे याचा अंदाज आधी घ्या. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला, मोझांबिकच्या सीमेला लागून हे राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठं. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. १८९८ मध्ये इथे साबी नावाचं राखीव क्षेत्र झालं, १९२६ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९२७ मध्ये पर्यटकांच्या पहिल्या तीन गाड्या आत शिरल्या. चार दिवसांत हे सगळं बघून होणार नाही. एक भाग निवडा आणि तो नीट पाहा.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम. गवत वाळून बसतं, झुडपांची पानं गळतात, आडोसा कमी होतो आणि प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने याच दिवसांत जावं. आपली उन्हाळ्याची सुट्टी नेमकी या हंगामाच्या तोंडावर येते, हे आपल्या पथ्यावर पडतं. मेमध्ये दुपारी पंचवीस अंशांच्या आसपास सुखद हवा, पण पहाटे दहाच्या खाली उतरते. नागपूरच्या पंचेचाळिशीतून निघताना जाड स्वेटर बॅगेत टाकायला मन धजत नाही, तरी टाका. कानटोपीसुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर चित्र वेगळं असतं. ऑक्टोबर फार तापतो, नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो, सगळं हिरवंगार होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात इंपालांची पिल्लं जन्मतात आणि दूरदूरचे स्थलांतरित पक्षी आलेले असतात. पक्षी बघणाऱ्यांना हाच काळ आवडतो. इथे पक्ष्यांच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. पण गवत उंच असतं, सिंह दहा फुटांवर झोपलेला असला तरी दिसत नाही. शिवाय मलेरियाचा धोका पावसाळ्यात वाढतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी मे किंवा जूनच म्हणेन. फक्त जूनअखेर ते जुलै तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि कॅम्प भरून जातात.

बुकिंग आणि कागदपत्रं

क्रुगरचे सरकारी कॅम्प दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय उद्यान संस्था, सॅनपार्क्स, चालवते. त्यांच्या संकेतस्थळावर साधारण अकरा महिने आधी बुकिंग उघडतं आणि नदीकाठच्या खोल्या लगेच संपतात. उशीर झाला असेल तर रोज एकदा संकेतस्थळ उघडून बघत राहा. लोक रद्द करतात आणि खोल्या परत सुटतात. राहायला रोंडावेल म्हणून गवताच्या छपराच्या गोल खोल्या असतात. बऱ्याचशा खोल्यांना स्वतःचं न्हाणीघर, फ्रिज आणि पडवीत छोटं स्वयंपाकघर असतं. बुकिंग करताना सार्वजनिक स्वयंपाकघर आहे की स्वतःचं, हे वाचून घ्या. आपल्या घरच्या माणसांना त्याने खूप फरक पडतो.

खोलीच्या भाड्याशिवाय माणशी दर दिवसाचं संवर्धन शुल्क वेगळं असतं आणि परदेशी पर्यटकांचा दर स्थानिकांपेक्षा बराच जास्त आहे. चौघांचं कुटुंब सहा-सात दिवस राहणार असेल तर 'वाइल्ड कार्ड' या वार्षिक कार्डाचा हिशेब करून पाहा. बऱ्याचदा ते स्वस्त पडतं.

व्हिसा आधी काढावा लागतो. त्यासाठी परतीनंतर किमान तीस दिवस चालेल असा पासपोर्ट आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. अठरा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो. एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र. हे सगळं व्हिसाच्या अर्जाबरोबर देऊनही त्याच्या प्रती प्रवासात जवळ ठेवा.

पीतज्वराच्या लसीबद्दल खूप गोंधळ असतो. भारतातून थेट जाणाऱ्याला ती लागत नाही. पण आदिस अबाबा किंवा नैरोबीत विमान बदलताना बारा तासांहून जास्त थांबा असेल, किंवा तुम्ही तिथे विमानतळाबाहेर पडणार असाल, तर लसीचा दाखला मागतात. तिकीट काढतानाच थांब्याचे तास मोजा.

मलेरियाच्या गोळ्यांसाठी निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे. कुठली गोळी, किती दिवस आधी सुरू करायची, मुलांना कुठली, हे त्यांनीच ठरवायचं. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम हवंच.

गाडी

आपल्यासाठी सगळ्यात सोयीची गोष्ट म्हणजे दक्षिण आफ्रिकेत गाड्या डावीकडूनच चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. इंग्रजीतलं, फोटो असलेलं भारतीय लायसन्स चालतं, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो आणि भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर वाद होत नाहीत.

काउंटरवरचा आमचा एक अनुभव सांगते, कारण त्यात दीड तास गेला. गाडी माझ्या नावावर आणि क्रेडिट कार्ड नवऱ्याचं. जो चालवणार त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं, डेबिट कार्ड चालणार नाही, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. शेवटी गाडी नवऱ्याच्या नावावर करून मला दुसरी चालक म्हणून नोंदवलं आणि त्याचे वेगळे पैसे भरले. जो गाडी घेणार, लायसन्स, कार्ड आणि बुकिंग तिन्ही त्याच्याच नावावर असू द्या.

फोर बाय फोर लागत नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि आतले मातीचे रस्तेही साध्या गाडीला झेपतात. पण उंच बसकीची गाडी मिळाली तर जास्तीचे पैसे मोजा. गवतावरून नजर जाते तेव्हा तो अर्धा फूट फार मोलाचा वाटतो. मागच्या खिडक्या पूर्ण उघडतात ना, हे गाडी घेतानाच बघा. मागे बसणाऱ्याला फोटो काढायचे असतात.

जोहान्सबर्गपासून दक्षिणेकडच्या दरवाजांपर्यंत एन ४ महामार्गाने चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाच तास धरा. रात्रीच्या विमानप्रवासानंतर लगेच हे अंतर कापू नका. वाटेत एमबोम्बेला, म्हणजे जुनं नेल्सप्रूट, इथे मुक्काम करा, तिथल्या सुपरमार्केटमधून आठवड्याचा बाजार भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताजंतवानं होऊन उद्यानात शिरा. अंधार पडल्यावर महामार्गावर गाडी चालवू नका, थांबलेल्या गाडीत बॅगा दिसतील अशा ठेवू नका. दरवाजा निवडताना मलेलाने किंवा क्रोकोडाइल ब्रिज निवडा, ते महामार्गाला जवळ आहेत. नुंबी दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर २०२२ मध्ये पर्यटकांवर जीवघेणा हल्ला झाला होता. जीपीएस तो रस्ता जवळचा म्हणून सुचवतं, तेव्हा दरवाजाचं नाव स्वतः टाका.

कुठे राहायचं, कोणत्या क्रमाने

पहिल्या खेपेला पाच किंवा सहा रात्री आणि तीन कॅम्प पुरे. मी असा क्रम सुचवेन.

दोन रात्री लोअर साबी. क्रोकोडाइल ब्रिजपासून चौतीस किलोमीटर. साबी नदी बारमाही असल्यामुळे प्राणी कायम असतात. इथून स्कुकुझाला जाणारा एच ४-१ हा पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता नदीच्या कडेने जातो आणि त्यावर बिबट्या दिसण्याची शक्यता चांगली असते. गर्दीही त्याच रस्त्यावर जास्त. स्कुकुझा हा सगळ्यात मोठा कॅम्प, जवळजवळ गावच. उद्यानाचे पहिले वॉर्डन जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना स्थानिक त्सोंगा लोकांनी ठेवलेलं नाव त्याला आहे. झाडून साफ करणारा असा त्याचा अर्थ सांगतात. त्याच्याजवळ लेक पॅनिक नावाचं लाकडी निरीक्षणघर आहे, तिथे गाडीतून उतरून बसता येतं. पक्षी बघायचे तर तिथे एक सकाळ द्या.

मग दोन रात्री साटारा. मोकळी गवताळ रानं, झेब्रे, विल्डबीस्ट, जिराफ, आणि त्यांच्या मागे सिंह. साटाराजवळचा एस १०० हा मातीचा रस्ता सिंहांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पहाटे फाटक उघडताच जायचं. नऊनंतर तो रिकामा वाटतो.

शेवटची एक-दोन रात्री ओलिफंट्स. हा कॅम्प उंच कड्यावर आहे आणि खाली नदीचं रुंद पात्र. इथे गाडी बाजूला ठेवून दुपारभर कट्ट्यावर बसा. दुर्बिणीतून हत्तींचे कळप नदी ओलांडताना दिसतात. बत्तीसेक किलोमीटरवर लेताबा कॅम्पमध्ये हत्तींचं संग्रहालय आहे, तिथे जमिनीला टेकतील एवढे लांब सुळे ठेवले आहेत. ते सुळे ज्यांचे होते त्या नरांची नावं आणि चरित्रं तिथे लिहिलेली आहेत.

ओलिफंट्स नदीच्या उत्तरेला मोपाने नावाच्या झाडांचं रान सुरू होतं. तिथे प्राणी विरळ, माणसंही विरळ. अगदी टोकाला पाफुरीत गोरखचिंचेची प्रचंड झाडं आहेत. तो भाग मकुलेके लोकांचा. १९६९ मध्ये त्यांना जबरदस्तीने तिथून हलवून त्यांची जमीन उद्यानात घेतली गेली आणि १९९८ मध्ये ती त्यांना कायद्याने परत मिळाली. दुसऱ्यांदा जाल तेव्हा तिकडे जा.

खाणंपिणं

कॅम्पमध्ये उपाहारगृहं आहेत, दुकानं आहेत, पण तिथला भर मांसाहारावर. शाकाहारी माणसाला सहा दिवस चिप्स आणि चीज सँडविचवर काढणं जड जातं. आम्ही एक लहान कुकर, मसाल्याचा डबा, मेतकूट आणि पोहे भारतातून नेले. तांदूळ, डाळ, भाज्या एमबोम्बेलात घेतल्या. दूध-तुपाचे पदार्थ, मांस, ताजी फळं, बियाणं विमानातून नेऊ नका, अडवतात.

एक गोष्ट आवर्जून करा. त्शोक्वाने, न्कुहलू, अफसाल अशा सहलीच्या जागांवर 'स्कॉटल' भाड्याने मिळते. ही मोठ्या पसरट तव्यासारखी कढई असते, खाली गॅस. तिथली माणसं त्यावर अंडी आणि सॉसेज करतात. आईने त्यावर कांदेपोहे केले. कांदा परतायला घेतला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजी वास घेत आल्या, त्यांना बशीभर दिले, त्यांनी त्यांच्याकडचे रस्क दिले. माकडांवर मात्र डोळा ठेवावा लागतो. व्हर्वेट माकड टेबलाखालून येतं आणि पाव उचलून झाडावर जातं, बबून तर सरळ गाडीत शिरतो. खाताना गाडीच्या काचा बंद, आणि एक माणूस फक्त राखणीला. त्यांना खाऊ घालणं गुन्हा आहे. सवय लागलेली माकडं माणसांवर हल्ला करतात आणि शेवटी त्यांना मारावं लागतं, म्हणून एक बिस्किटही नको.

रात्री खोलीबाहेर अन्न ठेवू नका, पडवीतल्या फ्रिजला कडी असेल तर लावा. चार्जरसाठी आपल्याकडे गीझरला लागतो तसा मोठा, तीन जाड गोल पिनांचा प्लग तिथे चालतो. घरून तशी एक अडॅप्टर-पट्टी नेलीत तर सगळ्यांचे फोन आणि कॅमेरे एकाच जागी लागतात.

दिवस कसा लावायचा

फाटक उघडताना बाहेर, दहा-साडेदहाला परत किंवा सहलीच्या जागेवर न्याहारी, दुपारी विश्रांती, तीनला पुन्हा बाहेर, आणि फाटक बंद व्हायच्या अर्धा तास आधी आत. मे ते जुलै संध्याकाळी साडेपाचला फाटक बंद होतं. उशीर झाला तर दंड होतो, आणि घाईत गाडी पळवताना प्राणी चिरडले जातात ते वेगळंच. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर आहे. प्राणी दिसायचे असतील तर २५ ते ३० ठेवा आणि परतीचा वेळही त्याच हिशेबाने काढा. नकाशावर चाळीस किलोमीटर दिसत असतील तर दोन तास धरा. वाटेत हत्ती आडवे आले तर आणखी अर्धा.

स्वच्छतागृहं फक्त कॅम्प आणि ठरलेल्या जागांवर असतात. गाडीतून इतरत्र कुठेही उतरायचं नाही, हात किंवा डोकंही खिडकीबाहेर काढायचं नाही, छतातून उभं राहायचं नाही. त्यामुळे वयस्कर माणसं आणि मुलं असतील तर प्रत्येक फेरी या जागांच्या आधाराने आखा. रस्त्यांचा छापील नकाशा कॅम्पच्या दुकानात मिळतो, तो पहिल्याच दिवशी घ्या आणि या जागांवर खुणा करा.

आता बघायचं कसं. ताडोब्यात आपण कॉलवर चालतो, चितळ ओरडलं, वानर खकरलं की गाडी थांबते. इथेही कॉल आहेत. इंपाला नाकातून फुरफुरतो, खार एकाच जागी बसून अखंड कटकट करते, बबून भुंकतो. त्याहून जास्त उपयोगाची खूण म्हणजे नजरा. इंपालांचा कळप चरत असेल तर प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे असतं. सगळे एकाच दिशेला मान ताठ करून उभे असले तर तिकडे बघा. जिराफ तर इतका उंचावरून बघतो की त्याच्या नजरेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. गिधाडं आकाशात घिरट्या घालत असतील तर शोधण्यासारखं आहेच, पण ती झाडांवर बसून राहिली असतील तर खाली शिकार आहे आणि शिकारी अजून तिथेच आहे असं समजा.

झुडपाकडे बघू नका, झुडपाच्या आरपार बघा. रानात बहुतेक रेषा उभ्या असतात, त्यामुळे आडवी रेषा म्हणजे बऱ्याचदा पाठ असते. नदीकाठच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या बघत चला. तिथे सॉसेज ट्री दिसेल, तेच आपल्या पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरचं ब्रह्मदंड. त्याच्या फांदीवरून लोंबणारं लांबट काही म्हणजे फळही असेल आणि बिबट्याची शेपटीही. ते हललं तर शेपटी. आम्ही तसे एकदा दहा मिनिटं थांबलो आणि वारा नसताना ते हललं.

थंडीत पहाटे सिंह डांबरी रस्त्यावर येऊन पडतात, कारण डांबर ऊब धरून असतं. दिवसातले बहुतेक तास सिंह झोपलेलाच असतो. झोपलेला सिंह दिसला आणि पाच मिनिटांत निघून जावंसं वाटलं, तरी संध्याकाळ जवळ आली असेल तर थांबा. आधी एक जांभई देतो, मग दुसरा, मग माद्या उठून एकमेकींच्या मानेला मान घासतात. हे सगळं चालू झालं की थोड्या वेळात कळप उठतो.

बिग फाइव्ह हा शब्द तुम्हाला पावलोपावली ऐकू येईल: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, आफ्रिकी रानम्हैस. शिकाऱ्यांनी पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे म्हणून हे पाच निवडले होते. पाहण्याच्या दृष्टीने ती यादी अपुरी आहे. मला विचाराल तर रानकुत्र्यांचा कळप दिसणं सिंहापेक्षा मोठं. हा आपला कोळसून नव्हे. अंगावर काळे, पिवळे, पांढरे पट्टे-ठिपके आणि मोठे गोल कान असलेला वेगळाच प्राणी आहे आणि आफ्रिकेतही फार थोडे उरले आहेत. आणि शेणकिडे बघा. हत्तीची लीद रस्त्यावर पडली की ते तिचे गोळे करून मागच्या पायांनी ढकलत नेतात. लिदीवरून गाडी नेऊ नका, बाजूने काढा.

एखाद्या सायटिंगला गाड्या जमल्या असतील तर रस्ता अडवू नका, इंजिन बंद करा, आवाज खाली ठेवा. आपण आनंद झाला की एकमेकांना हाका मारतो. इथे तो आनंद मनात ठेवायचा, कारण एका हाकेने बिबट्या उतरून निघून जातो आणि मागच्या दहा गाड्यांचाही जातो.

गेंडा दिसला तर फोटो काढा, पण जागा कुणाला सांगू नका, फोटो टाकताना फोनचं स्थान बंद करा. कॅम्पच्या फळ्यावर कुठे काय दिसलं याचे रंगीत लोहचुंबक लावलेले असतात, त्यात गेंड्याचा नसतो. चोरट्या शिकाऱ्यांना माहिती मिळू नये म्हणून. या भागातले पांढरे गेंडे माणसाने एकदा पूर्ण संपवले होते, १९६१ पासून नाताळ प्रांतातून आणून ते पुन्हा सोडले. आता शिकाऱ्यांपासून वाचवायला अनेकांची शिंगं कापून टाकली आहेत. बिनशिंगाचा गेंडा चरताना पाहिला तेव्हा माझ्या मुलाने विचारलं, "आई, त्याला दुखलं असेल का?" ते नखासारखं असतं, गुंगी देऊन कापतात, दुखत नाही, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली, पण पुढचा अर्धा तास तो काही बोलला नाही.

हत्ती समोर आला तर

यावर सविस्तर लिहिते, कारण क्रुगरमध्ये खरा धोका सिंहाचा नाही, हत्तीजवळ जाणाऱ्या गाडीचा आहे.

कळप दिसला की किमान पन्नास मीटरवर थांबा. पिल्लं असतील तर जास्त. कळपाच्या मधोमध कधीही गाडी घालू नका. रस्त्याच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला पिल्लू असेल तर तुम्ही दोघांच्या मध्ये आलेले असता. आणि मागे जायला जागा ठेवूनच थांबा. मागे गाड्या साठत असतील तर आधीच थोडं मागे घ्या.

एकटा मोठा नर येत असेल तर त्याचं डोकं बघा. डोळा आणि कानाच्या मध्ये गंडस्थळावरून काळसर ओघळ उतरला असेल आणि मागच्या पायांवरून मूत्र ठिबकत असेल तर तो माजावर आहे. अशा नराला संपूर्ण रस्ता द्या, तो येतोय तोवर मागे मागे जात राहा. तो ओघळ, म्हणजे मद, माद्यांनाही येतो, पण पायांवरचं ओलं आणि उग्र वास हे माजाचंच लक्षण.

कान पसरून उभा राहणं, डोकं झटकणं, सोंडेने माती उडवणं हा इशारा असतो. तेव्हा सावकाश मागे घ्या. इंजिन एकदम जोरात करू नका, हॉर्न वाजवू नका. कान मागे दाबलेले आणि सोंड आत गुंडाळलेली असेल तर तो नुसता इशारा नसतो, तो खरंच अंगावर येणार असतो, तिथून निघा.

एच ४-१ वर एका वळणाला आमच्यासमोर असा एक नर आला, साठेक मीटरवर. माजावर नव्हता. नवऱ्याने गाडी मागे घेतली, तो पुढे येत राहिला, आपल्याच चालीने. शंभरेक मीटर आम्ही असे उलटे गेलो. मग रस्त्यालगत एक मोकळी जागा मिळाली, तिथे गाडी कडेला घेऊन इंजिन चालू ठेवून थांबलो. तो आमच्या शेजारून गेला. पावलांचा आवाज नव्हता, फक्त कातडी कातडीवर घासल्याचा, पोतं ओढल्यासारखा. सोंडेचं टोक खिडकीच्या उंचीवर होतं आणि त्याला दोन बोटं होती. आपल्या हत्तीला एकच असतं. आईने हात जोडले होते.

गाइडबरोबर एक फेरी तरी

फाटक बंद झाल्यावर तुम्हाला बाहेर पडता येत नाही, पण कॅम्पच्या गाड्या जातात. सूर्यास्ताची किंवा रात्रीची एक फेरी खोलीबरोबरच बुक करा. झोतात उदमांजरासारखे जेनेट आणि सिव्हेट, आणि इवल्याशा निशाचर बुशबेबीचे लाल डोळे दिसतात. ही गाडी उघडी असते, थंडी हाडांत शिरते, म्हणून ब्लँकेट घेऊन जा. सहा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. पहाटे दोन बंदूकधारी रेंजरांबरोबर पायी फेरीही असते, ती बारा वर्षांवरच्यांसाठी. त्यात प्राणी कमी दिसतात. पण पायांखालचं गवत, मुंग्यांची वारुळं, कुणाचे ठसे किती वेळापूर्वीचे, हे सगळं गाडीतून कधी कळत नाही.

रात्री खोलीत परतल्यावर लगेच झोपू नका. दिवे मालवून पडवीत बसा. कुंपणापलीकडे तरस ओरडतं, आवाज खालून वर चढत जातो. सिंहाची डरकाळी कित्येक किलोमीटरवरून ऐकू येते, सुरुवातीला ती छातीत जाणवते आणि मग कानांना कळते.

निघताना आणि परतल्यावर

प्रवेशाची पावती शेवटपर्यंत सांभाळा, बाहेर पडताना दरवाजावर ती दाखवावी लागते आणि डिकी तपासतात. ओलिफंट्सहून फालाबोर्वा किंवा ओर्पेन दरवाजाने बाहेर पडलात तर परतीच्या वाटेवर ब्लाइड नदीची दरी बघून जाता येतं. त्या रस्त्याला एक मुक्काम ठेवा. गाडी परत देण्याआधी धुवून घ्या, मातीच्या रस्त्याची धूळ दारांच्या फटींत बसते आणि सफाईचे वेगळे पैसे लावतात.

मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत घेत राहा, मध्येच सोडू नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही आफ्रिकेत जाऊन आलो आहोत, आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. तिथला मलेरिया बहुतेक करून फाल्सिपेरम जातीचा असतो आणि तो झपाट्याने वाढतो. घरातल्या ज्या माणसाला ताप येईल त्याच्याबरोबर जाणाऱ्यालाही हे ठाऊक असू द्या.